बाळंतपणातले इंजेक्शन आणि हृदय

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दर्यापूरची सून अकोल्याला येते, मूर्तिजापूरची अमरावतीला जाते. सोबत कपडे येतात, नणंदेने शिवलेली झबली येतात. तपासणीचे कार्ड मात्र सासरच्या कपाटात राहते. आज त्या कार्डाविषयीच लिहायचे आहे.

बाळ झाले की गर्भाशय आवळले गेले पाहिजे. ते सैल राहिले तर रक्त थांबत नाही आणि पाहता पाहता बाई हातची जाते. म्हणून बाळ होताच इंजेक्शन देतात. पहिला मान ऑक्सिटोसिनचा. तरीही रक्त थांबले नाही तर मेथर्जिन. हे मेथर्जिन अरगटाच्या कुळातले. ज्वारीच्या कणसावर चिकटा पडतो ना, त्याचीच चुलत बहीण असलेली बुरशी युरोपात राय नावाच्या धान्यावर पडते. तिच्यातले गुणकारी द्रव्य १९३५ साली हाती लागले. मेथर्जिन हा त्याचाच सुधारलेला प्रकार. (शेतकऱ्याचे नुकसान करणारी बुरशी बाळंतिणीला तारते, हेही नवलच!)

पण हे औषध गर्भाशयासारख्याच रक्तवाहिन्याही आवळते. बहुतेकींना मळमळ, ओकारी यापलीकडे काही होत नाही. मात्र जिचे ब्लडप्रेशर आधीच चढलेले आहे, तिचे एकदम भडकू शकते. क्वचित, अगदी क्वचित, हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनीच आकसते आणि तरण्याताठ्या बाईला हृदयविकाराचा झटका येतो. लहानपणी सांधे सुजून ताप आला आणि त्यात हृदयाची झडप बिघडली, अशा बाईलाही हे औषध टाळतात.

डॉक्टरांना हे सारे ठाऊक असते. ठाऊक नसते ते एवढेच, की समोरच्या बाईचे प्रेशर आठव्या महिन्यात वाढले होते. मध्यरात्री अमरावतीच्या डफरीनला किंवा अकोल्याच्या लेडी हार्डिंगला गाडी थांबते, तेव्हा आईला ते सांगता येत नाही. ते माहीत सासूला! म्हणून लेकीला आणायला जाल तेव्हा झबल्यांआधी कार्ड पिशवीत घाला, आणि प्रेशर, धाप, झडप यांपैकी काहीही असेल तर दवाखान्यात शिरताच सांगा.

भिऊन इंजेक्शनलाच नकार देऊ नका. रक्तस्रावाचा धोका याहून कितीतरी मोठा. पण इंजेक्शननंतर छातीवर दाब आला, धाप लागली, डोके फुटेलसे दुखले, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर "बाळंतीण आहे, थकली असेल" म्हणून बसू नका. सिस्टरला त्याच घडीला हाक मारा.

आणि जावेच्या बाळंतपणात उरलेल्या मेथर्जिनच्या गोळ्या, अंगावर जास्त जाते म्हणून कोणाला देऊ नका. पोटुशी बाईला तर मुळीच नाही.