तिचे कागद तिच्या नावाने

घरातल्या प्रत्येक बाईचे कागद या महिन्यात एकदा बाहेर काढून बघा, एवढं सांगायला हा मजकूर लिहिला आहे. जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र, पासपोर्ट. यातलं तिच्या नावाचं काय आहे, आणि ते कुणाच्या कपाटात आहे? प्रश्न किरकोळ वाटेल. तो किती महागात पडू शकतो, हे कला बागाई यांच्या आयुष्यावरून कळतं.

१९१५ साली कलाबाई पती वैष्णोदास आणि तीन लहान मुलांसह पेशावरहून सॅन फ्रान्सिस्कोला उतरल्या. त्यांच्या नाकातल्या हिऱ्याचं तिथे इतकं अप्रूप, की वर्तमानपत्रात त्याची बातमी आली. कौतुक तेवढ्यापुरतंच. पुढे बर्कलीत त्यांनी घर विकत घेतलं आणि सामान घेऊन राहायला गेले, तर शेजाऱ्यांनी घर कुलूपबंद करून ठेवलेलं. मुलांच्या काळजीने बागाई कुटुंब त्या घरात राहिलंच नाही.

तरी वैष्णोदासांनी दुकान उभं केलं आणि १९२१ मध्ये अमेरिकेचं नागरिकत्व मिळवलं. दोनच वर्षांनी, फेब्रुवारी १९२३ मध्ये, तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड या भारतीयाच्या खटल्यात निकाल दिला: हिंदी माणूस कायद्याच्या भाषेत ‘गोरा’ ठरत नाही, सबब त्याला नागरिक होता येणार नाही. आधी दिलेली नागरिकत्वंही सरकार काढून घेऊ लागलं. वैष्णोदासांचं गेलं. अशा परदेशी माणसाला कॅलिफोर्नियात जमीनजुमला बाळगता येत नसे, त्यामुळे मालमत्ता विकावी लागली. १९२८ मध्ये भारतात जायचं म्हटलं, तर अमेरिकेने पासपोर्ट नाकारला आणि ब्रिटिश पासपोर्ट घ्या म्हणून सांगितलं. इंग्रजांच्या राज्याला विटून देश सोडलेल्या माणसाला हा सल्ला! त्याच वर्षी त्यांनी आपलं आयुष्य संपवलं.

मागे राहिल्या कलाबाई. बायकोचं राष्ट्रीयत्व नवऱ्याच्या मागे जातं, असा तेव्हा बहुतेक देशांचा कायदा. अमेरिकेने १९२२ मध्ये विवाहित बाईला स्वतंत्र नागरिकत्व दिलं खरं, पण मेख ठेवली: नवरा ‘अपात्र’ वंशाचा असेल तर बायकोही नागरिक होऊ शकणार नाही, आणि आधीची असेल तर तिचं नागरिकत्व जाईल. नवरा गेल्यावर ही अडचण सुटली म्हणावी, तर कलाबाई स्वतः हिंदी. म्हणजे तोही दरवाजा बंद. १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने भारतीयांना नागरिक होण्याची मुभा मिळाली, तेव्हा कुठे त्यांचा मार्ग मोकळा झाला. मधली अठरा वर्षं मुलं वाढवण्यात आणि शिकवण्यात गेली. ज्या बर्कलीने घरात पाऊल ठेवू दिलं नाही, तिथल्या एका रस्त्याला आता त्यांचं नाव आहे.

तुम्ही म्हणाल, वैष्णोदासांकडे तर कागद होता, तरी गेलाच ना? बरोबर आहे. सरकारच उलटलं तर कागद तुम्हाला वाचवेलच असं नाही. पण कागदाशिवाय भांडताही येत नाही. थिंड यांची बाजू मांडणारे वकील सखाराम गणेश पंडित यांच्यावरही सरकारने नागरिकत्व काढून घेण्यासाठी खटला भरला. त्यांच्याकडे १९१४ चा कोर्टाचा हुकूम होता, आणि त्यावर सरकारने वेळेत अपील केलं नव्हतं. तेवढ्या मुद्द्यावर ते जिंकले. सर्वोच्च न्यायालयाने १९२७ मध्ये सरकारचं म्हणणं ऐकायलाच नकार दिला. पंडित हरले असते तर त्यांच्या अमेरिकन पत्नी लिलियन यांचं नागरिकत्वही धोक्यात होतं.

हे तिकडचं आणि तेव्हाचं, असं म्हणून सोडून देऊ नका. परदेशात जन्मलेल्या मुलाला केवळ आईच्या नात्याने भारतीय नागरिकत्व मिळण्याची सोय आपल्या कायद्यात डिसेंबर १९९२ मध्ये झाली. तोवर वडील भारतीय असणं आवश्यक होतं. म्हणून काही गोष्टी आजच करा.

आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवरीचं नवं नाव लिहितात. हौस म्हणून खुशाल लिहा. पण माहेरची सुमन कागदोपत्री सुनीता झाली, की शाळेचा दाखला एका बाईचा आणि रेशनकार्ड दुसरीचं, असा घोळ होतो. लग्नानंतर नाव किंवा आडनाव बदललंच पाहिजे असा कायदा नाही. बदलायचंच असेल तर राजपत्रात रीतसर प्रसिद्ध करा, तो अंक जपून ठेवा आणि सगळीकडे एकच नाव लावा. लग्नाची नोंदणी ग्रामपंचायतीत किंवा पालिकेत करून घ्या. पत्रिका आणि अल्बम पुरत नाहीत. आधारकार्ड हा नागरिकत्वाचा पुरावा नव्हे, हेही लक्षात असू द्या.

मुलगी लग्न होऊन परदेशी जाणार असेल, तर ती कोणत्या व्हिसावर जाते ते आधी विचारा. नवऱ्याच्या जिवावरचा डिपेंडंट व्हिसा असेल, तर लग्न मोडल्यावर तिथे राहण्याचा तिचा आधारही जातो. तिच्या सगळ्या कागदांच्या प्रती माहेरी ठेवा.

दुबई, मस्कत, बहरीनला राहणाऱ्या आपल्या माणसांसाठी एक वेगळी सूचना. तिथे जन्मल्याने बाळ त्या देशाचं नागरिक होत नाही. त्याच्या जन्माची नोंद भारतीय वकिलातीत वर्षाच्या आत करा. उशीर झाला तर केंद्र सरकारची परवानगी लागते.

आणि सासरच्या मंडळींना एक विनंती. ‘पासपोर्ट आमच्याकडे असू दे, सांभाळून ठेवतो’ असं सुनेला म्हणू नका. तिला सांभाळता येतो. एक फाईल आणा, तिचे कागद त्यात लावा, वर तिचं नाव घाला आणि तिच्या हातात द्या.