काट्याला न कळणारी चरबी

मनुष्य सडपातळ दिसला की तो निरोगी, अशी आपल्याकडे सर्वसाधारण समजूत आहे. ज्याचे हातपाय बारीक, त्याला लठ्ठ कोण म्हणेल? तथापि अशाच देहात, पोटाच्या पोकळीत, यकृत व आतडी यांच्याभोवती चरबी साचलेली असू शकते. वजनाचा काटा हाडे, स्नायू, पाणी आणि चरबी यांत भेद करीत नाही. तो सर्वांची मिळून एकच बेरीज सांगतो.

पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघा संशोधकांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता येणारा देहभारांक उभयतांचा २२.३ असा अगदी सारखा होता. परंतु युडकिन यांच्या देहात चरबी शेकडा ९.१, तर याज्ञिक यांच्या देहात शेकडा २१.२ निघाली! भारतीय देह बारीक दिसूनही चरबीयुक्त असू शकतो, हे यावरून ध्यानात यावे.

चरबीचे नेमके माप इस्पितळातील यंत्रच देते. घरच्या घरी अंदाज घेण्यास मात्र शिंप्याची फीत पुरेशी आहे. सकाळी अनशापोटी, उघड्या अंगावर, सर्वांत खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या मध्यावर फीत आडवी गुंडाळावी. श्वास सहज सोडावा, पोट आत ओढू नये, फीत आवळू नये. माप दोनदा घ्यावे. मग उंचीला या घेराने भागून येणाऱ्या संख्येची वीसपट करावी. ती पुरुषाने ६४ मधून व स्त्रीने ७६ मधून वजा करावी. बाकी उरेल ते चरबीचे शेकडा प्रमाण.

उदाहरणार्थ, ६६ इंच उंचीच्या पुरुषाचा घेर ३६ इंच असल्यास उत्तर सुमारे २७ येते. ६० इंच उंचीच्या स्त्रीचा घेर ३२ इंच असल्यास साडेअडतीस. पुरुषांत २५ आणि स्त्रियांत ३० ते ३५ यांच्या वरचे प्रमाण सामान्यतः अधिक समजले जाते. हे सूत्र २०१८ साली अमेरिकेतील लोकांच्या मापांवरून बसविलेले आहे, म्हणून उत्तर अंदाजाचेच मानावे. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना ते लावू नये. बाजारात चरबी सांगणारे विजेचे काटे मिळतात. पण ते अंगातून सौम्य प्रवाह सोडून हिशेब करतात, आणि शरीरातील पाणी कमीअधिक झाले की त्यांचे उत्तरही बदलते.

गणिताचा कंटाळा असेल त्याने एवढेच पाहावे, की घेर उंचीच्या निम्म्याहून कमी आहे ना? आपल्या लोकांसाठी पुरुषास ९० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेपस्तीस इंच, व स्त्रीस ८० सेंटिमीटर, म्हणजे सुमारे साडेएकतीस इंच, ही मर्यादा तज्ज्ञांनी सांगितली आहे.

हा खटाटोप कशासाठी? पोटातील चरबीमुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो आणि मधुमेह पाऊल न वाजविता घरात शिरतो. म्हणून घेर मर्यादेबाहेर असल्यास, मनुष्य कितीही किडकिडीत दिसो, रक्तातील साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. आईवडिलांपैकी कोणास मधुमेह असेल तर चालढकल मुळीच करू नये. रोज अर्धा तास झपाझप चालणे, ताटातील भात थोडा कमी करून डाळ व भाजी वाढविणे, चहातील साखर आटोक्यात ठेवणे, यांनी घेर हळूहळू उतरतो. महिन्यातून एकदा माप घेऊन भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावे.

हे माप कोणाच्या देहाची थट्टा करण्यासाठी नव्हे, हे मुलांनाही समजावून सांगावे. आणि एक विनंती: घरातील माउली सर्वांच्या प्रकृतीची काळजी वाहते, तिचे स्वतःचे माप मात्र राहून जाते. फीत हाती घ्याल तेव्हा आरंभ तिच्यापासून करावा.