ट्वेन : दोन टोके जोडणारा विस्मृत तह

१/
संगणकाचा इतिहास म्हटला की यंत्रे आणि त्यांचे निर्माते आठवतात. त्या यंत्रांना परस्परांशी बोलता यावे म्हणून झालेले करार मात्र तळटीपेत पडून राहतात. माझ्या मते हा इतिहासलेखनातला मोठा दोष आहे. १९९२ साली जाहीर झालेले ‘ट्वेन’ हे मानक त्याची साक्ष देते.

२/
१९८० च्या दशकाच्या अखेरीस स्कॅनर घरगुती संगणकाशेजारी येऊ लागला. परंतु प्रत्येक कंपनीच्या स्कॅनरची भाषा निराळी होती. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला प्रत्येक स्कॅनरसाठी वेगळी जोडणी करावी लागे. दहा सॉफ्टवेअर आणि दहा स्कॅनर म्हणजे शंभर जोडण्या!

३/
अखेर अल्डस, कोडॅक, ह्युलेट-पॅकार्ड, लॉजिटेक आदी कंपन्या एकत्र आल्या. कोणी सॉफ्टवेअर विकत होते, कोणी स्कॅनर. त्यांनी दोहोंमध्ये एक मध्यस्थ नेमला. सॉफ्टवेअरने फक्त मध्यस्थाशी बोलायचे आणि स्कॅनर बनवणाऱ्याने त्याच मध्यस्थासाठी एकच ड्रायव्हर लिहायचा. शंभराच्या जागी वीस जोडण्या पुरेशा झाल्या.

४/
या व्यवस्थेचा गाभा वाटाघाटीत होता. सॉफ्टवेअर विचारी, ‘तुला रंग टिपता येतात का? किती बारकाईने?’ ड्रायव्हर आपल्या यंत्राची कुवत सांगे. त्यामुळे साधा आणि महागडा स्कॅनर एकाच नियमाखाली नांदू शकले.

५/
नावाची कथाही रंजक आहे. ‘ट्वेन’ म्हणजे जुन्या इंग्रजीत ‘दोन’. हा शब्द रुडयार्ड किपलिंग यांच्या पूर्व-पश्चिमेवरील १८८९ च्या पोवाड्यातून उचलला गेला. स्कॅनर आणि संगणक यांची भेटही तितकीच दुर्घट वाटत होती. किपलिंग यांचा जन्म १८६५ साली मुंबईचा, एवढाच काय तो आपला धागा. पुढे हे नाव इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिले जाऊ लागले आणि लोक त्याची आद्याक्षरे उलगडू लागले. ‘रंजक नाव नसलेले तंत्रज्ञान’ हा थट्टेचा अर्थ आजही त्याला चिकटून आहे.

६/
तथापि या तहात एक उणीव राहिली. ड्रायव्हरची किल्ली निर्मात्याच्याच हाती होती. संगणक ३२ बिटांवरून ६४ बिटांकडे वळले, तेव्हा जुना ३२ बिटी ड्रायव्हर नव्या ६४ बिटी सॉफ्टवेअरला थेट वापरता येईना. निर्मात्याने नवा ड्रायव्हर दिला नाही, तर काच शाबूत, दिवा चालू, तरीही यंत्र भंगारात!

७/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला याची चिंता का वाटावी? कारण मोडी कागद, जुनी मासिके, घराण्यांची दप्तरे आज स्कॅन होऊनच आपल्यापर्यंत पोहोचतात. एखाद्या गावच्या वाचनालयाकडे नवे यंत्र घेण्याइतका पैसा नसेल, तर तिथला कागद वाळवीच्या आधी टिपला जाईल की नाही, हे एका ड्रायव्हरवर ठरू शकते.

८/
म्हणून माझे मत असे : जोडणीचे नियम खुले असावेत आणि ते यंत्रातच वसलेले असावेत. वेगळ्या ड्रायव्हरवाचून चालणारी अलीकडची मानके त्याच दिशेने जात आहेत. राजकीय तह वाचताना आपण विचारतो, कलमे कोणी लिहिली आणि मोडली तर तोटा कोणाचा? यंत्रांच्या तहांनाही हेच प्रश्न विचारायला हवेत.