तासाच्या भावाने तालीम

गेल्या जूनमध्ये आमच्या उर्दू शाळेची एक जुनी विद्यार्थिनी भेटायला आली. नुकतीच बारावी झालेली. म्हणाली, "टीचर, मी मराठीत एम.ए. करून कॉलेजात शिकवू का?" जिच्या घरी दखनी बोलतात, जिची शाळा उर्दू, तिने मराठी साहित्य शिकवण्याचे स्वप्न पाहावे, याहून मोठा आनंद मराठीच्या शिक्षिकेला दुसरा कोणता? पण माझ्या तोंडून शब्द फुटेना. कारण हाच प्रश्न मीही एकदा माझ्या सरांना विचारला होता आणि "जरूर कर, बेटा" असे उत्तर ऐकून घरी नाचत आले होते.

मी एम.ए., बी.एड., सेट उत्तीर्ण. शाळेत येण्यापूर्वी पाच वर्षे एका अनुदानित महाविद्यालयात 'तासिका तत्त्वावर' मराठी शिकवले. संस्था आपल्याच समाजाची. नाव सांगत नाही, कारण नाव बदलले तरी हकिकत बदलणार नाही. या अंकाच्या वाचकांपैकी कितीतरी जणांच्या घरात असा एखादा 'तासिकावाला' असेल.

तासिका तत्त्व म्हणजे काय, ते आधी सरळ सांगते. जागा रिकामी असते, पण भरली जात नाही. तिचा कार्यभार तुकडे करून वाटला जातो. एकाला आठवड्याला जास्तीत जास्त 9 तास. वर्षातले साधारण नऊ महिने काम. मे महिन्यात पगार नाही, कारण मे महिन्यात तुम्ही नोकरीत नाहीच. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा तीच प्रमाणपत्रे. आजारपणाची रजा नाही, भविष्य निर्वाह निधी नाही. आणि जे मिळायचे तेही महिन्याच्या महिन्याला नाही. मला जुलैत शिकवलेल्या तासांचे पैसे मार्चमध्ये मिळाले आहेत.

आकड्यांतच बोलायचे तर ऐका. 2019 च्या जानेवारीत विद्यापीठ अनुदान आयोगाने अतिथी अध्यापकांसाठी तासाला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50 हजार रुपये असा दर सांगितला. त्यानंतर 2021 साली आपल्या राज्य सरकारने पदवी वर्गाच्या तासाचा दर वाढवला, तो 500 वरून 625 रुपये. आठवड्याचे 9 तास धरले तर महिन्याचे 36, म्हणजे 22 हजार 500. तेही एकही तास बुडाला नाही तर. ईद, दिवाळी, परीक्षा, निवडणूक आली की तेवढे तास गेले. पुढे दर वाढले, पण रीत तीच राहिली.

पण मला पैशांपेक्षा एका वेगळ्या गोष्टीबद्दल बोलायचे आहे. भाषा आणि साहित्य तासावर मोजून शिकवताच येत नाही.

आमच्या मुलांची मराठी कशी असते, हे मला ठाऊक आहे. दखनीत आणि उर्दूत नपुंसकलिंग नाही. म्हणून मुले 'माझी पुस्तक' लिहितात, 'तो घर' लिहितात. 'ळ' आणि 'ण' तर घरात कधी कानावर पडलेलेच नसतात. ही चूक फळ्यावर नियम लिहून जात नाही. मुलाने पान लिहायचे, शिक्षकाने ते वाचायचे, खाली रेघ ओढायची, त्याला जवळ बसवून सांगायचे आणि पुन्हा लिहून घ्यायचे. माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात शंभराच्या वर मुले होती. एका निबंधाला दहा मिनिटे दिली तरी शंभर निबंधांचे सोळा-सतरा तास होतात. त्या तासांचा भाव शून्य. शासनाच्या लेखी शिक्षक फक्त घंटा झाल्यावर जागा होतो आणि पुढची घंटा झाली की संपतो.

पहिली दोन वर्षे मी वह्या घरी आणल्या. अब्बा म्हणत, "बेटा, दिवा कुणाच्या हिशेबात जळतो?" तिसऱ्या वर्षी आणणे बंद केले, कारण संध्याकाळी शिकवण्या घेतल्याशिवाय घर चालेना. हे कबूल करताना मला शरम वाटते, पण लपवणार नाही. त्या वर्षीची मुले गाईड पाठ करून पास झाली. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांचा 'योगसंग्राम' मी दोन तासांत उरकला. ज्या मुलांना 'मराठी तुमची नव्हे' असे कोपऱ्याकोपऱ्यावर ऐकवले जाते, त्यांच्यापुढे वारकऱ्यांनी संत म्हणून मानलेला हा मुसलमान कवी ठेवायला मला दोन आठवडे हवे होते.

यावर उत्तरे ठरलेली आहेत. पहिले उत्तर, "ही खिदमत आहे, पैशांकडे काय बघता?" खिदमत स्वतःच्या खिशातून करायची असते, दुसऱ्याच्या पोटातून नव्हे. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी द्यावी, ही नबींची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. संस्थेच्या वार्षिक जलशात हीच मंडळी इल्मच्या फजिलतीवर अर्धा तास बोलतात. पण तिसऱ्या रांगेत बसलेल्या लेक्चररची मजुरी आठ महिने थकली आहे, हे त्यांना आठवत नाही.

दुसरे उत्तर, "सरकारच जागा मंजूर करत नाही, आम्ही काय करणार?" यात खरे आहे, पण अर्धेच. भरतीवर बंधने सरकारने घातली, त्याचा जाब सरकारला विचारलाच पाहिजे. पण नेमणुकीचे पत्र वेळेवर देऊ नये, असे सरकारने सांगितले होते का? बिले वेळेवर पाठवू नयेत, असे सांगितले होते का? आमच्या विभागात एक जागा निघाली, तेव्हा मला बाजूला बोलावून 'देणगी'चा लाखांतला आकडा ऐकवण्यात आला, तो सरकारने ठरवला होता का? अब्बांनी घर गहाण टाकायची तयारी दाखवली. मी नाही म्हटले आणि बाहेर पडले. राज्यघटनेच्या कलम 30(1) ने आपल्याला संस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिला. तो समाजाच्या तालमीसाठी दिला. समाजाच्याच शिकलेल्या मुलामुलींना तासाच्या भावाने राबवण्यासाठी नव्हे.

तिसरे उत्तर सर्वांत गोड. "साहित्य शिकून काय होणार? मुलांना इंजिनिअर करा." जरूर करा. पण 2006 च्या सच्चर समितीच्या अहवालावर आपण इतकी वर्षे भाषणे देतो, त्या अहवालातला आपला मागासलेपणा अर्जापासून सुरू होतो. तहसीलदाराला दोन ओळी लिहिता येत नाहीत, आपली बाजू वर्तमानपत्रात मांडता येत नाही. ती लिहायला कोण शिकवणार? 1990 साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण 'आम्ही मराठी आहोत' असे ठणकावून सांगत आलो. हे सांगणारी पुढची पिढी कुठल्या वर्गात घडणार? जिचा शिक्षक जूनमध्ये असेल की नाही, हे त्यालाच ठाऊक नसते, त्या वर्गात?

मी शाळेत आले तेव्हा शिक्षणसेवक म्हणून महिना आठ हजारांवर तीन वर्षे काढली. 2023 पासून माध्यमिकच्या शिक्षणसेवकाचे मानधन 18 हजार झाले. तेही कमीच आहे. पण तीन वर्षांनंतर दार उघडते, हे ठाऊक असते. तासिकावाल्याला दारच नाही. लग्नाच्या बोलणीत "मुलगी प्रोफेसर आहे" म्हटले की समोरच्यांचे डोळे चमकत आणि लगेच दुसरा प्रश्न येई, "परमनंट आहे ना?"

ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधल्या कंत्राटी सहायक प्राध्यापकांचा खटला निकालात काढला. महिना 30 हजारांवर त्यांना राबवले जात होते. गुरूची स्तोत्रे गाऊन भागत नाही, तो सन्मान वागणुकीत दिसला पाहिजे, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने ऐकवले आणि त्यांना सहायक प्राध्यापकाच्या वेतनश्रेणीतले किमान वेतन देण्यास सांगितले. निकाल गुजरातचा असला, तरी आरसा आपल्याही समोर धरलेला आहे.

म्हणून संस्थाचालकांना माझे सांगणे एवढेच. जून उजाडताना नेमणुकीचे पत्र द्या. महिन्याच्या महिन्याला बिल पाठवा आणि सरकारकडून उशीर झाला, तर संस्थेच्या फंडातून आगाऊ द्या. इमारतीच्या कमानीसाठी चंदा जमतो, मग यासाठीही जमेल. वह्या तपासण्याचा मेहनताना द्या. जागा निघाली की गुणवत्तेवर भरा आणि 'देणगी' हा शब्द मुलाखतीच्या खोलीतून हद्दपार करा. कायम प्राध्यापकांनाही एक सांगते. संमेलनाच्या व्यासपीठावरून अस्मितेवर बोलण्याआधी आपल्याच विभागातल्या तासिकावाल्यासाठी प्राचार्यांकडे एक अर्ज लिहा.

त्या मुलीला मी शेवटी "हो, कर" म्हणाले. खोटे बोलले की खरे, हे अजून ठरायचे आहे. ते मी ठरवू शकत नाही, तुम्ही ठरवू शकता.