तेरा पाऊण पावणेदहा

परवा ऑफिसात लंचला विषय निघाला, थंडीत कोण कुठे चाललंय. एक जण फुकेत, एक जण बाली, नवीन लग्न झालेलं जोडपं अर्थातच मालदीव. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, ‘‘आई-दादांना घेऊन दिवेआगर.’’ ‘‘बस? ते तर वीकएंडचं काम!’’ असं म्हणून मंडळी डबे आवरून उठली. आता त्यांना काय सांगणार? हे वीकएंडचं काम जमवायला मला सहा वर्षं लागली आहेत.

त्याचं असं आहे, की मी धाराशिवची. म्हणजे पूर्वीचं उस्मानाबाद. आमच्या लहानपणी मोठं पाणी बघायचं म्हणजे नळदुर्ग. बोरी नदी भरून वाहायला लागली, की किल्ल्यातल्या बंधाऱ्यावरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि पाणीमहालात उभं राहिलं की डोळ्यांसमोर पाण्याचा पडदा. अर्थात त्यासाठी आधी पाऊस पडावा लागतो! एका वर्षी आम्ही हौसेनं गेलो तर नुसताच कोरडा दगड. डबा खाल्ला आणि परत आलो.

घरात समुद्र कुणीच पाहिलेला नव्हता. दादा एकदा मुंबईला गेले होते, पण ते मावशीच्या ऑपरेशनला. हॉस्पिटलच्या कॅन्टीनपलीकडची मुंबई त्यांनी पाहिलीच नाही.

दादांची पिठाची गिरणी आहे. चाळीस वर्षं झाली. गिरणीवाल्याला सुट्टी नसते. एक दिवस शटर खाली ओढलं, की दळणाचे डबे पुढच्या गल्लीत जातात आणि तिथेच रमतात. दिवाळीत भाजणी, उन्हाळ्यात वर्षाचे पापड-कुरड्या, लग्नसराईत तर विचारूच नका. गिरणी सलग काही दिवस बंद राहिली ती एकदाच, ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारीच्या भूकंपानंतर, लोक घरात पाऊल टाकायला घाबरत होते तेव्हा. एरवी आमच्या घरची माणसं तीनच कारणांनी गाव सोडतात : लग्नकार्य, दवाखाना आणि देव.

त्यामुळे दर वर्षी माझा फोन आणि दर वर्षी तेच उत्तर. ‘‘आमचं काय गं, आम्ही हितंच बरे. तुम्ही जाऊन या.’’ खरं कारण आईनं एकदा हळूच सांगितलं. लेकीच्या आणि जावयाच्या पैशानं मजा करायला जायचं, हे दादांना पटत नव्हतं.

यंदा मात्र मी हट्टाला पेटले. गणपतीत घरी गेले तेव्हा दादा गिरणीची तीन पायऱ्यांची उतरण भिंतीला धरून उतरत होते. अजून दोन वर्षांनी वाळूत चालता येईल का, असं मनात आलं आणि पोटात गलबललं. मग मी जरा चलाखी केली. ‘‘दादा, दिवेआगरला सोन्याचा गणपती आहे.’’ खोटं काहीच नव्हतं. १९९७ साली सुपारीच्या वाडीत खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२मध्ये त्यावर दरोडा पडला आणि नोव्हेंबर २०२१मध्ये देवळात पुन्हा सोन्याचा मुखवटा आला. आई लगेच तयार! देव म्हटल्यावर तिसरं कारण फिट बसलं. दादा गप्प राहिले.

मग मी माझ्या स्वभावाप्रमाणे एक्सेल शीट बनवली. तीन दिवस, अकरा स्पॉट्स. जंजिरा, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, सनसेट पॉइंट, सगळं तासांच्या रकान्यात बसवलं. व्हिडीओ कॉलवर ती वाचून दाखवली. दादांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, ‘‘एवढं पळायचंय तर आराम कवा करायचा?’’ आणि मग दुसरं वाक्य, ‘‘आणि पोरी, समुद्राला जायचंय तर समुद्राला जाऊ म्हण की. देवाच्या नावावर कशाला?’’

मी चाट! सहा वर्षं मी बीचची सोय बघत होते आणि अडलं होतं ते भलतीकडेच. आपल्या आई-वडिलांना मजेसाठी म्हणून कुणी कधी ‘चला’ म्हटलेलंच नसतं. आपणही निमित्त पुढे करतो, मग त्यांनाही निमित्ताशिवाय हो म्हणता येत नाही.

शीट डिलीट केली. जंजिऱ्याला होडीतून किल्ल्याच्या पायरीवर उतरायचं, दादांच्या गुडघ्यांना ते झेपणार नाही. कट. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा खडकांवरून, तीही ओहोटी बघूनच करायची. कट. उरलं काय? सुरूच्या बनाला लागून असलेला सपाट किनारा, एक घरगुती मुक्काम आणि भरपूर वेळ. बुकिंग करताना यंदा मी ‘सी व्ह्यू’ विचारलंच नाही. विचारलं ते असं : खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का, किनाऱ्यापर्यंत पायऱ्या किती आणि ओसरीत खुर्ची आहे का. तुमच्याही घरी साठीपुढची माणसं असतील तर हे चार प्रश्न लिहून ठेवा.

तारखेचा घोळ मात्र उरला होता. मऊ वाळूत दादांना चालवणार नाही. ओहोटीला पाणी मागे गेलं, की खाली ओली, घट्ट वाळू लागते, ती हवी. म्हणजे संध्याकाळी ओहोटी असलेला दिवस शोधायचा. मुक्कामाच्या काकूंना फोन केला तर त्या म्हणाल्या, ‘‘सोपं आहे. तिथीची पाऊणपट करा. तेवढ्या वाजता भरती. त्यापुढे सहा तासांनी ओहोटी.’’ मी मोबाइलमध्ये कॅल्क्युलेटर शोधत होते, तेवढ्यात स्पीकरवरून दादांचा आवाज, ‘‘तेरा पाऊण पावणेदहा. चौदा पाऊण साडेदहा. पंधरा पाऊण सव्वाअकरा.’’ शाळेत पाठ केलेली पाऊणकी! गिरणीत पाऊण किलोचा हिशेब करून करून ती अजून तोंडात होती. म्हणजे त्रयोदशीला भरती पावणेदहाच्या सुमारास आणि ओहोटी चारच्या आसपास. पौर्णिमेला सव्वापाच. रोज पाऊण तास पुढे. हा ढोबळ अंदाज, नेमकी वेळ तिथे गेल्यावर विचारायची. शिवाय पौर्णिमा-अमावस्येला उधाण असतं आणि ओहोटीचं पाणी आत ओढतं. तेव्हा चालायचं कोरड्या अंगानं, पाण्यात घोट्याइतकंच. पण समुद्र कधी न पाहिलेल्या माणसानं गिरणीत बसून त्याचं टाइमटेबल मांडलं, याचा माझ्या नवऱ्याला अजून धक्का आहे.

आईनं कालनिर्णय काढलं. मार्गशीर्षातली द्वादशी पुण्याला यायला, त्रयोदशी-चतुर्दशी मुक्काम, पौर्णिमेला परत. नेमके कामाचे वार, म्हणजे गर्दी कमी. पण पौर्णिमेला आई न चुकता तुळजापूरला जाते! मी धास्तावले. आईच म्हणाली, ‘‘एक पौर्णिमा चुकली तर भवानीआई रागावत नाही. तिलाबी लेकी असतील की.’’

राहिला पैशांचा प्रश्न. तो दादांनी सोडवला. ‘‘राहण्याचं तुम्ही बघा, पुण्यापर्यंतचं मी बघतो.’’ मार्च २०२३पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे आणि पासष्टीपुढच्यांना त्याआधीपासूनच. ‘‘आमच्या दोघांत मिळून एकच फुल तिकीट,’’ दादा म्हणाले. इतके खूश मी त्यांना नफ्याच्या दिवशीसुद्धा पाहिलेलं नाही. पुण्याहून पुढे आमची गाडी, ताम्हिणी घाटातून माणगावमार्गे. पहाटे निघायचं, दर दीड तासानं थांबायचं, पाय मोकळे करायचे.

परवा आई आणि काकूंचं थेट बोलणं झालं. विषय, भाकरी. दादांना दोन्ही वेळा भात चालत नाही. ज्वारीचं पीठ आमच्या गिरणीतलं येणार, तव्याची परवानगी मिळाली आणि बदल्यात काकू उकडीचे मोदक शिकवणार. मग काकू ३ जून २०२०च्या निसर्ग वादळाबद्दल सांगत राहिल्या. त्या भागातल्या सुपारीच्या वाड्या एका दिवसात आडव्या झाल्या होत्या. सुपारी लावली की पीक यायला वर्षं जातात. आई बराच वेळ नुसती ऐकत होती. शेवटी म्हणाली, ‘‘आमच्याकडं पाऊस येत नाही म्हणून, तुमच्याकडं आला म्हणून. चालायचंच.’’ फोन ठेवताना दोघी एकमेकींना ‘वैनी’ म्हणत होत्या. म्हणजे आता लग्नकार्यासारखं पाहुण्यांचं निमित्तही तयार झालं!

पण दादांना निमित्त नको होतं. काल रात्री त्यांनी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. गिरणीच्या दारावर एक पाटी टांगलेली असते, दळणाचे भाव लिहायची. भाव पुसून त्यावर त्यांनी खडूनं, शाळेतल्यासारख्या ठसठशीत अक्षरात लिहिलंय :

‘गिरणी पाच दिवस बंद. समुद्र बघायला चाललो आहे.’

निघायला अजून बारा दिवस आहेत. पाटी आत्तापासूनच लागली आहे.