पॉइंट मोजू नका, पोरांचा दिवस सांभाळा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण गाडी आणि टूरच्या धंद्यावर बोललो. दहा मिनिटांत सगळं बसत नाही, म्हणून माझं मत इथं सविस्तर लिहितोय. पटलं तर घ्या, नाही पटलं तर बिनधास्त वाद घाला.

मत सरळ आहे. लहान मुलांना घेऊन कोल्हापूरला येणाऱ्या कुटुंबांसाठी नीट चालवलेली दर्शन गाडी हा छोट्या माणसाला जमण्यासारखा जोडधंदा आहे. पण तो दुकानदारांच्या कमिशनवर उभा केला तर दोन सीझनमध्ये आडवा होतो. हे मी हुपरीत दुकान चालवणारा माणूस म्हणून सांगतोय. म्हणजे टेबलाच्या ज्या बाजूनं कमिशन दिलं जातं, त्या बाजूला बसून.

"किती पॉइंट दाखवणार?"

आपल्याकडे टूरवाल्याला पहिला प्रश्न हाच. मग टूरवालाही यादी लांबवतो. अंबाबाई, भवानी मंडप, न्यू पॅलेस, रंकाळा, जोतिबा, पन्हाळा, कणेरी मठ. कागदावर सात पॉइंट, एक दिवस. आता नकाशा काढा. जोतिबा आणि पन्हाळा शहराच्या एका अंगाला, कणेरी बरोबर दुसऱ्या अंगाला. दिवसाचा निम्मा वेळ गाडीत जातो आणि उरलेला "चला चला, दहा मिनिटांत गाडीत या" यात.

मोठी माणसं हे सोसतात. पोरं सोसत नाहीत. पन्हाळ्याच्या वळणावर एकाला मळमळतं, दुसऱ्याला नेमकी तेव्हाच शू लागते, तिसरं झोपलेलं असताना उठवलं म्हणून रडत मंदिरात जातं. दुपारी तीनला आई म्हणते, "बास, आता लॉजवर चला." त्या कुटुंबानं पैसे सात पॉइंटचे दिले आणि बघितले तीन. घरी जाऊन ते काय सांगणार? "कोल्हापूरला काय, अंबाबाईचं दर्शन घ्यायचं, मिसळ खायची आणि पुढं गोव्याला निघायचं."

हे वाक्य आपल्या जिल्ह्याला महाग पडतं. कुटुंब एक रात्र जास्त थांबलं तर लॉज, जेवण, रिक्षा, गूळ, चप्पल, चांदी सगळ्यांचा गल्ला हलतो. आणि थांबायचं की निघायचं, हे बऱ्याचदा घरातलं सगळ्यात लहान माणूस ठरवतं. म्हणून या धंद्याचा खरा ग्राहक खिडकीशी बसलेलं पोरगं आहे. पैसे फक्त बाप देतो.

लंडनची लाल बस काय विकते?

मेव्हणा लंडनला असतो. त्याच्याकडे गेलो तेव्हा एक दिवस मुलगी नऊ वर्षांची, मुलगा पाचचा, असं सगळं बिऱ्हाड घेऊन शहर दाखवणाऱ्या बसमध्ये बसलो. १९५१ मध्ये फेस्टिव्हल ऑफ ब्रिटन हे मोठं प्रदर्शन भरलं, तेव्हा लंडन ट्रान्सपोर्टनं शहर दाखवणारी अशी बस सुरू केली होती. आज अशा बस युरोपातल्या बहुतेक मोठ्या शहरांत पळतात.

मी बघत होतो ते धंद्याच्या नजरेनं. तिकीट ठिकाणांचं नव्हतं, वेळेचं होतं. एक दिवस किंवा दोन दिवस. पाहिजे तिथं उतरा, मागून येणारी बस पकडा. मुलगा ट्रॅफलगर स्क्वेअरच्या अलीकडेच झोपला, आम्ही उतरलोच नाही. कुणी घाई केली नाही, कुणी पैसे कापले नाहीत. जागा झाल्यावर टॉवरपाशी उतरलो आणि तिथंच दोन तास रमलो. वरच्या मजल्यावर पुढची सीट मिळावी म्हणून दोघांची मारामारी झाली, हेही लिहून ठेवा. पोरांसाठी बस हाच पहिला पॉइंट असतो.

हा धडा शिकायला लंडनलाच जायला पाहिजे असं नाही. मुंबईत एमटीडीसी आणि बेस्टची उघड्या छताची 'नीलांबरी' १९९७ पासून फिरत होती. शेवटच्या काळात वरच्या मजल्याचं तिकीट १५० रुपये आणि खालच्याचं ७५ होतं. बस तीच, रस्ता तोच, गेट वे तेच. फक्त वारा आणि उंची यांचे दुप्पट पैसे, आणि लोक वरचंच मागायचे. त्या जुन्या बस ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून गेल्या, तेव्हा निरोप द्यायला गर्दी झाली ती याच आठवणींची.

मग कोल्हापुरात तसंच सुरू करायचं का?

नाही. इथं कायदा समजून घ्या. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे टूरची गाडी सहसा 'कॉन्ट्रॅक्ट कॅरेज' परवान्यावर चालते. म्हणजे अख्खी गाडी ठरवून घेतलेली, प्रवासी आधी ठरलेले. वाटेत नवीन प्रवासी घ्यायचे, सोडायचे, टप्प्याटप्प्यानं तिकीट फाडायचं, हा 'स्टेज कॅरेज'चा प्रकार झाला. त्याचा परवाना वेगळा. त्यामुळे लंडनसारखं चढा-उतरा मॉडेल उचलून आणाल तर पहिल्याच तपासणीत गाडी जमा. आणि पांढऱ्या नंबर प्लेटची घरची गाडी तर भाड्यानं अजिबात लावू नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करेल आणि जन्माची कमाई जाईल. पिवळ्या प्लेटची परवानाधारक गाडी भाड्यानं घ्या, प्रवाशांची यादी आधी तयार ठेवा आणि तुमचा नेमका प्रकार आरटीओत जाऊन विचारून घ्या.

आपल्याला लंडनची बस आणायची नाही. तिच्यातलं तत्त्व आणायचं आहे. ते म्हणजे कमी थांबे, लांब थांबे, घाई नाही.

माझ्या मते मुलांसाठीचा एक दिवस असा असावा. सकाळी कोल्हापुरातून निघून कणेरीचं ग्रामजीवन संग्रहालय. तिथं बारा बलुतेदार पुतळ्यांच्या रूपात उभे आहेत. मग हुपरी, जिथं पुतळा नाही, जिवंत कारागीर हात चालवताना दिसतो. जेवण तिथंच. दुपारनंतर खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर. पोरांना सांगा, "हत्ती मोजा आणि शंकराच्या देवळात नंदी का दिसत नाही ते शोधा." अर्धा-पाऊण तास तुम्हाला वेगळं काही करावं लागत नाही. संध्याकाळपर्यंत परत. तीनच थांबे. पन्हाळा-जोतिबाचा दिवस वेगळा विका, म्हणजे कुटुंब दोन रात्री राहील.

ड्रायव्हरचाही विचार करा. युरोपियन युनियनच्या नियमात साडेचार तास गाडी चालवली की ४५ मिनिटं थांबावंच लागतं. आपल्याकडच्या १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानंही दिवसाला ८ तासांची मर्यादा घातली होती. पहाटे पुण्याहून गाडी आणलेला ड्रायव्हर दिवसभराच्या टूरला लावायचा नाही. गाडीत दुसऱ्याची पोरं आहेत.

आता आकडे

हा फक्त नमुना आहे. तुमच्या स्टँडवरचा भाव विचारून आकडे बदला.

१७ सीटर गाडी, १६ प्रवासी आणि एक गाईड. समजा गाडी, ड्रायव्हर, डिझेल मिळून ६,५०० रुपये, गाईड १,२००, किरकोळ ३००. झाला ठरलेला खर्च ८,०००. शिवाय दर माणशी १५० रुपये: कारागिराला ८०, खाऊ-पाणी ४०, बुकिंग देणाऱ्या लॉजला ३०. जेवण आणि प्रवेश तिकिटं ज्याची त्यानं. तिकीट मोठ्यांना ९००, मुलांना ६००. निम्मी मोठी, निम्मी लहान धरली तर सरासरी ७५०.

१६ जण आले की १,६०० रुपये उरतात. १४ आले तर ४००. १० च आले तर २,००० खिशातून जातात. म्हणजे १४ सीट भरल्याशिवाय गाडी हलवायची नाही. महिन्यात आठ फेऱ्या पूर्ण भरल्या तरी हातात १२,८०० येतात. म्हणून मी याला जोडधंदा म्हणतो. यावर नोकरी सोडायची नाही आणि कर्ज काढून गाडी तर मुळीच घ्यायची नाही.

खरा मोह इथंच आहे

१० सीटवर गाडी काढली की २,००० चा खड्डा पडतो. तो भरायला सगळ्यात सोपा रस्ता कुठला? गाडी एखाद्या दुकानापुढं उभी करायची आणि विक्रीवर टक्का घ्यायचा. "दादा, तुमचंही भलं, आमचंही भलं." ऐकायला गोड आहे. पण हिशेब मांडून बघा.

चांदीचा भाव आज प्रत्येकाच्या मोबाईलवर आहे. २०२५ मध्ये किलोला लाखाच्या वर गेला, हे चौथीतल्या पोरालाही माहीत झालं. वजन काट्यावर दिसतं. मग कमिशन निघणार कुठून? मजुरीतून. एकतर गिऱ्हाइकाकडून जादा मजुरी घ्यायची, नाहीतर कारागिराची कापायची. भाव चढला की जड पैंजणांची मागणी आधीच मंदावते. अशा वेळी ज्या घरात बाई दुपारभर बसून घुंगरं जोडते, तिच्या मजुरीला कात्री लावून टूरवाल्याचा खड्डा भरायचा. याला मी धंदा म्हणत नाही.

गिऱ्हाईकही खुळं नसतं. घरी गेल्यावर ओळखीच्या सराफाला दाखवतं. जादा मजुरी लागल्याचं कळलं की नाव त्या दुकानाचं नाही, हुपरीचं खराब होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात हळू होते. टक्का सुरू झाला की वेळापत्रक वाकतं. दुकानात अर्ध्या तासाचा दीड तास होतो, खिद्रापूरचा दीड तासाचा अर्धा. आणि विक्रीच्या काउंटरपुढं पोरांना करायला काय असतं? काही नाही. ती रडायला लागतात आणि आपण परत तिथंच येतो: "बास, आता लॉजवर चला."

तुम्ही म्हणाल, लॉजला माणशी ३० रुपये देताच की, ते कमिशन नाही का? फरक आहे. ते तुमच्या तिकिटातून जातात, ठरलेले असतात, गिऱ्हाइकाला सांगायला लाज वाटत नाही. तो तुमचा विक्रीचा खर्च. गिऱ्हाइकाच्या खरेदीत लपवलेला टक्का म्हणजे त्याच्या खिशात घातलेला हात.

दुकानाऐवजी काम दाखवा

हुपरीत एक पैंजण एकाच घरात सुरू होऊन तिथंच संपतं असं सहसा होत नाही. चांदी आटवायची, तार ओढायची, कड्या करायच्या, डाग द्यायचा, घुंगरं लावायची, पॉलिश करायचं. वेगवेगळे हात, वेगवेगळी घरं. बाहेरच्या माणसाला हे कधी दिसतच नाही, त्याला काचेआडचा तयार माल दिसतो.

हेच विका. कारागिराला प्रत्येक पाहुण्यामागे ठरलेले पैसे द्या, मग पाहुण्यानं एक ग्रॅमही खरेदी केली नाही तरी चालेल. १६ जणांचे १,२८० रुपये तास-दीड तासात त्या घरात जातात, विक्रीची वाट न बघता. मुलांना भट्टी, गॅसची ज्योत आणि ॲसिडपासून लांब ठेवा. ही अट मोडायची नाही. त्यांना एक कडी आणि एक घुंगरू हातात द्या, साध्या धातूचं चालेल. स्वतः जोडलेलं घुंगरू वाजवत ते पोरगं गाडीत चढेल. नीलांबरीच्या वरच्या मजल्यासारखं हे आहे: माल तोच, अनुभवाचे पैसे वेगळे.

आणि ज्यांना खरेदी करायची त्यांनी जरूर करावी, पण बिल घेऊन. १ सप्टेंबर २०२५ पासून चांदीच्या हॉलमार्किंगलाही एचयूआयडी क्रमांक आला आहे, अजून ऐच्छिक आहे. तुमच्या थांब्यावरच्या दुकानदारानं तो स्वतःहून दाखवला, तर तुमच्या टूरची पत त्यातनंच वाढते.

या महिन्यात काय कराल?

एक, गाडीचा विचार करण्याआधी स्वतःच्या किंवा भावाच्या दोन पोरांना घेऊन हा रस्ता एकदा करा. ती कुठं कंटाळली, कुठं शू लागली, कुठं भूक लागली, वहीत वेळेसकट लिहा. तेच तुमचं वेळापत्रक.

दोन, प्रत्येक थांब्यावर स्वच्छ संडास कुठं आहे ते शोधा. नसेल तर तो थांबा रद्द. मुलं असलेल्या आईला विचारा, ती मंदिराआधी हे विचारेल.

तीन, चार लॉजवाल्यांना भेटा आणि फक्त शनिवार-रविवारचं बुकिंग घ्या. १४ झाले नाहीत तर शुक्रवारी संध्याकाळी फोन करून पैसे परत करा. खड्डा पडलाच नाही, तर तो भरायचा मोहही होत नाही.

चार, भगिनींसाठी. राज्याच्या पर्यटन विभागाचं २०२३ चं 'आई' धोरण आहे. महिलेच्या मालकीच्या पर्यटन व्यवसायाला १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरचं व्याज अटींसह परत मिळतं. धंदा जमतोय हे आधी भाड्याच्या गाडीवर तपासा, मगच तिकडं वळा.

अंबाबाईच्या दर्शनाला माणसं येतातच, त्यांना आणायला आपल्याला जाहिरात करावी लागत नाही. आलेल्या माणसाला आणि त्याच्या पोरांना एक दिवस जास्त कसं थांबवायचं, एवढंच आपल्याला शिकायचं आहे. तुम्ही कुठल्या गावातून गाडी काढणार आणि तुमचे तीन थांबे कोणते, तेवढं मला लिहून पाठवा. पुढच्या व्हिडिओत त्यातल्याच एका रस्त्याचा हिशेब फळ्यावर मांडू.

भेटू. धंदा करा, नीट करा.