भिंतीवरचें दरपत्रक

मंडईंत मेथीची जुडी घेतांना दोन रुपयांसाठीं तीन गाळे हिंडणारा गृहस्थ रुग्णालयाची पायरी चढला कीं मुका होतो, हा अनुभव आमच्या वाचकांस नवा नसावा. आम्हांसहि तो नुकताच आला, आणि त्याचें मोल बरेंच पडलें. म्हणून ह्या महिन्यांत त्याविषयींच चार शब्द लिहावेसे वाटतात.

गेल्या ज्येष्ठांत आमच्या धाकट्या भावजयीस पित्ताशयांतील खड्यांचा त्रास असह्य झाला, व शस्त्रक्रियेवांचून गत्यंतर उरलें नाहीं. आमच्या घरांत लहानथोर तेरा माणसें. त्यांत एक वकील, एक हिशेबतपासनीस, आणि छत्तीस वर्षें पोरांकडून त्रैराशिक घोटून घेतलेले आम्ही. परंतु 'एकंदर खर्च किती येईल, व त्यांत काय काय धरलें आहे?' हा साधा प्रश्न आम्हांपैकीं एकाच्याहि तोंडून निघाला नाहीं. डॉक्टरसाहेब जातां जातां 'सत्तर हजारांच्या आसपास' म्हणाले, आणि आम्हीं माना डोलावल्या. दुखणेकऱ्याच्या उशाशीं पैशाची भाषा बोलणें हलकेपणाचें वाटलें. उलट, तिला विश्रांति मिळावी म्हणून सामान्य कक्ष सोडून स्वतंत्र खोली घेण्याचा आग्रह आम्हींच धरला.

पांचव्या दिवशीं देयक हातीं आलें तें एक लक्ष अडतीस हजारांचें! बंधु कांहीं बोलले नाहींत. पण त्यांचा चेहरा उतरला, तो आम्हांस अजून दिसतो. तेवढ्यांत आमच्या थोरल्या सूनबाईंनीं हांक मारली, "बाबा, हें आपण वाचलेंत का?" जिन्याखालीं, जाहिरातीच्या एका मोठ्या फलकाआड, दरपत्रक लाविलेलें होतें. त्यांत तीन रकाने होते: सामान्य कक्ष, दोघांची खोली, स्वतंत्र खोली. खोली बदलली कीं केवळ भाडें बदलतें अशी आमची समजूत. पण येथें शस्त्रक्रियेची फी, सहाय्यकाची फी, भूल देणाऱ्याची फी, सारेच आकडे रकान्यागणिक चढत गेले होते. चाकू तोच, हात तोच, घटकाहि तेवढ्याच. परंतु रुग्ण मागाहून कोणत्या खाटेवर निजणार, त्यावरून फीचा आकडा ठरतो! सूनबाईंनीं देयकांतील एकेक ओळ त्या फलकाशीं ताडून पाहिली. परिचर्येचा एक दिवस अधिक लावलेला निघाला. तो कारकुनानें निमूटपणें कमी केला. बाकीचें सर्व फलकाप्रमाणें बरोबरच होतें. बंधूंनीं आपल्या मुलीच्या शिक्षणासाठीं राखलेली मुदतीची ठेव मोडली आणि रक्कम भरली. फलक आडोशाला लावला हा रुग्णालयाचा दोष खरा. पण पांच दिवस त्याच जिन्यानें चढउतार करूनहि आम्हीं तो वाचला नाहीं, हा दोष कोणाच्या पदरीं घालावा?

हा फलक तेथें आपोआप आलेला नव्हता. खाजगी शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्याकडे १९४९ सालापासून आहे. त्याखालील नियमांत राज्य सरकारनें जानेवारी २०२१ मध्यें दुरुस्ती केली, आणि प्रत्येक शुश्रूषागृहानें पंधरा प्रकारच्या आकारांचें दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागीं लाविली पाहिजे असें ठरविलें. दर किती असावा हें हा नियम सांगत नाहीं. दर झांकूं नये, एवढेंच सांगतो. तेवढेंहि थोडें नव्हे. मात्र जो नियम कोणी वाचीत नाहीं आणि जो मोडला असतां कोणी तक्रार करीत नाहीं, तो भिंतीची शोभा होऊन बसतो.

मग सरकारनें दरच कां ठरवून देऊं नयेत? असा प्रयोगहि आपण पाहिला आहे. कोरोनाच्या साथींत, २१ मे २०२० च्या आदेशानें, राज्य सरकारनें खाजगी रुग्णालयांतील ८० टक्के खाटांसाठीं दर बांधून दिले: सामान्य कक्षास दिवसाला ४,००० रुपये, अतिदक्षता कक्षास ७,५००, आणि कृत्रिम श्वसनयंत्र लागल्यास ९,०००. अनेक कुटुंबें त्यामुळें तरलीं हें नाकारतां येणार नाहीं. परंतु संरक्षक पोशाख, महागडीं औषधें व कांहीं तपासण्या ह्या दरांबाहेर होत्या, आणि पुष्कळ देयकें फुगलीं तीं ह्याच वाटेनें. तीं तपासावयास ठिकठिकाणीं लेखापरीक्षक नेमावे लागले. एका खिडकीला कडी घातली कीं दुसरी उघडते, हा धडा त्यांतून घ्यावयाचा.

दुसरी गोष्ट अशी कीं, दर कळला म्हणजे गुण कळला असें नाहीं. चरकसंहितेंत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी, व प्रत्येकाचे चार चार गुण गणले आहेत. आजच्या दरपत्रकांत ह्या गुणांपैकीं एकाचाहि पत्ता लागत नाहीं. ह्या ठिकाणीं अशा किती शस्त्रक्रिया होतात, किती जखमा चिघळतात, किती रुग्णांस महिन्याच्या आंत परत यावें लागतें, हें आम्हांस कोण सांगणार? तें कळत नाहीं म्हणून आपण महाग तें चांगलें असें गृहीत धरतों, आणि निव्वळ दरपत्रक पाहून मोठा आकडा असलेल्या दारींच जाण्याचा संभव असतो.

ह्या बाबतींत अमेरिकेंतील दोन राज्यांचा अनुभव विचार करण्याजोगा आहे. न्यूयॉर्क राज्यानें १९८९ पासून हृदयाच्या रक्तवाहिन्यांवरील शस्त्रक्रियांची माहिती गोळा केली, आणि कोणत्या रुग्णालयांत शेंकडा किती रुग्ण दगावतात हें छापून प्रसिद्ध केलें. रुग्ण मुळांत किती खंगलेला होता तेंहि हिशेबांत धरलें होतें. पुढें एका वृत्तपत्रानें न्यायालयांत जाऊन शस्त्रवैद्यांचे नांवनिशीवार आंकडेहि मिळविले. असा हिशेब करतां १९८९ मध्यें शेंकडा ४.१७ असलेला मृत्यूचा आंकडा १९९२ मध्यें २.४५ वर आला. आपला आंकडा वाईट दिसतो म्हटल्यावर रुग्णालयेंच झडझडून कामाला लागलीं. परंतु दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. इतर राज्यांतहि त्या काळांत मृत्यु कमी होत होतेच. शिवाय आंकडा बिघडेल ह्या भयानें कांहीं शस्त्रवैद्य अत्यवस्थ रुग्णांना टाळूं लागले, असा आक्षेप अभ्यासकांनीं घेतला. गुणपत्रिकेच्या भीतीनें कच्च्या मुलाला परीक्षेलाच न बसविणारे शिक्षक आम्हीं पाहिले आहेत. त्यांतलाच हा प्रकार.

मेरीलंड राज्यानें पैसे देण्याची रीतच बदलली. तेथें १९७१ च्या कायद्यानें आयोग नेमला गेला, व १९७४ पासून तो रुग्णालयांचे दर ठरवूं लागला. एका रुग्णालयांत एका उपचाराला पैसे देणारा कोणीहि असो, दर एकच. तथापि दर बांधला तरी उपचारांची संख्या वाढवितां येतेच. म्हणून २०१४ पासून रुग्णालयाचें वर्षाचें एकंदर उत्पन्नच आधीं ठरवून देण्याची पद्धत तेथें आली. रुग्ण घरींच बरा राहिला तर रुग्णालयाचें नुकसान होत नाहीं, आणि जादा तपासण्या केल्यानें फायदाहि होत नाहीं. काटकसर उपचारांतच होऊं नये म्हणून गुणांचीं मापेंहि ह्या पद्धतीस जोडलेलीं आहेत.

आपल्या राज्याची महात्मा जोतिबा फुले जनआरोग्य योजना ह्याच दिशेचें एक पाऊल होय. २०१२ सालीं ती निराळ्या नांवानें आठ जिल्ह्यांत सुरू झाली व २०१३ मध्यें सर्व महाराष्ट्रांत पसरली. तींत बाबवार आकारणी नसून प्रत्येक उपचारास एक ठोक रक्कम ठरलेली असते. ही रक्कम अपुरी आहे व ती वेळेवर मिळत नाहीं, अशी डॉक्टरमंडळींची तक्रार असते, आणि ती झिडकारण्यासारखी नाहीं. परिचारिकांचे पगार, यंत्रांचे हप्ते व विजेचें बिल त्यांनाहि चुकत नाहीं. परवडत नाहीं असा दर लादला तर चांगलीं रुग्णालयें योजनेबाहेर राहतात, किंवा रुग्णाकडून मागल्या दारानें वरकड मागितली जाते. सारांश, दर उघडा, गुण उघडा आणि देण्याची रीत न्याय्य, हे तिन्ही पाय सारखे असतील तरच हें तिवई उभें राहील.

सरकारचें काम सरकारकडे. आमच्या घरापुरतें आम्हीं एवढें केलें आहे कीं, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटाच्या दाराला आंतून एक कागद चिकटविला आहे. त्यावर सूनबाईंच्या अक्षरांत पांच प्रश्न आहेत: एकंदर खर्चाचा अंदाज लेखी मिळेल काय? त्यांत काय धरलेलें नाहीं? खोली बदलल्यास कोणकोणते आकार बदलतात? ही शस्त्रक्रिया येथें वर्षांत किती होतात, व किती रुग्णांस मागाहून त्रास होतो? संस्था धर्मादाय न्यासाची असल्यास गरजूंसाठीं राखलेल्या खाटा आहेत काय?

भाद्रपदांत आमच्या स्वतःच्या डोळ्यांतील मोतीबिंदु काढावयाचा होता. कागद खिशांत घालून गेलों, आणि मनांत पुष्कळ संकोच असतांहि पहिले चार प्रश्न विचारले. डॉक्टर तरुण होते. ते रागावतील असें आम्हांस वाटलें होतें, त्यांनीं खुर्ची पुढें ओढली, सर्व आकडे एका कागदावर लिहून दिले, आणि म्हणाले, "गुरुजी, लोक आधीं विचारीत नाहींत आणि मागाहून भांडतात. आपण आधीं विचारलेंत, बरें झालें." इतकीं वर्षें जिला आम्ही सभ्यपणा समजत होतों, ती आमची भीड होती, आणि तिचें देयक ह्या खेपेस आमच्या पुतणीच्या ठेवींतून गेलें.